भिंगाचं निरखणं

गिरणीत त्याला सगळे भिंग म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, चांगलं होतं, पण ते पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. धागे मोजायचं घडीचं एक छोटं भिंग त्याच्या वरच्या खिशात कायम असायचं, म्हणून हे नाव पडलं. ते खिशात नसतं तरी पडलंच असतं, कारण माणसाची नजरच तशी होती. कापड तपासणी खात्यात त्याची उभी हयात गेली.

काम सांगायला सोपं. तिरप्या काचेचं एक लांबरुंद टेबल, काचेखाली पांढरे दिवे. वरून कापड सरकत यायचं आणि खाली घडी होत जायचं. पायाशी एक पट्टी, ती दाबली की कापड थांबतं. कुठे धागा तुटलेला, कुठे गाठ, कुठे तेलाचा डाग, कुठे आडवा धागा चुकून दुहेरी गेलेला. भिंग पट्टी दाबायचा, खडूने खूण करायचा, पाय उचलायचा. नवी पोरं डोळे फाडफाडून बघायची आणि दुपारपर्यंत त्यांचे डोळे लाल व्हायचे. हा आपला आरामात उभा, जणू बसची वाट बघतोय, आणि दोष मात्र एक सुटायचा नाही.

आता असली नजर घेऊन माणूस घरी आला म्हणजे ती खुंटीला थोडीच टांगून ठेवता येते! लग्नाला गेला तर नवऱ्या मुलाच्या कोटाची शिवण आधी बघायचा, नवरा मुलगा नंतर. बादली घ्यायला गेला तर दुकानदार कपाळाला हात लावायचा. एकदा शेजाऱ्याने हौसेने नवा पडदा दाखवायला बोलावलं, तर चहा संपायच्या आत याने त्यातल्या गाठी बोटाने दाखवून दिल्या. शेजारी पुढे कितीतरी दिवस त्याला पाण्यात पाहत होता. बायको म्हणाली, "अहो, लोक कौतुक ऐकायला बोलवतात. तपासायला नाही." हा म्हणाला, "मी कुठे तपासलं? मी नुसता निरखत होतो." बायको हसली. "ते निरखणं नव्हे," म्हणाली. "एकच की ते," हा म्हणाला.

शब्दकोश उघडला तर भिंगाच्या बाजूने साक्ष मिळेल. निरखणे म्हणजे बारकाईने पाहणे, तपासणे म्हणजे तेही बारकाईने पाहणेच. पण शब्दकोशात शब्द एका खोलीत झोपतात म्हणून बाहेर ते एका कामाला जातात असं नाही. अर्जांची छाननी होते, सोनं पारखतात, धान्य निवडतात, हिशेब तपासतात. निरखतात ते पाळण्यातल्या मुलाला, नाहीतर परगावाहून आलेल्या आपल्या माणसाला, दिवा जवळ नेऊन. तपासणारा काहीतरी चुकलेलं असणार हे धरूनच बसतो, आणि ते सापडलं की त्याचं काम संपतं. निरखणाऱ्याला काही सापडायचं नसतं. हे सगळं भिंगाच्या बायकोला असं मांडून सांगता आलं नसतं, पण तिला ते कळत होतं, आणि बोलायच्या ओघात ती दोन्ही शब्द नेमके वापरायची.

ती गोल चेहऱ्याची, भरल्या अंगाची बाई होती. घरात शिवणयंत्र होतं आणि आळीतल्या बायकांचे कपडे ती बेतून द्यायची. मूलबाळ झालं नाही. दोन खोल्या, रस्त्याकडे एक खिडकी, खिडकीशी यंत्र. भिंग कामावरून आला की आधी यंत्रावरचं कापड उचलून शिवण बघायचा आणि म्हणायचा, "छान." किंवा म्हणायचा, "इथे जरा ओढलं गेलंय." मग हातपाय धुवायला जायचा. इतक्या वर्षांत त्यात बदल झाला नाही, आणि तिनेही कधी तक्रार केली नाही.

पुढचं कळायला गिरणीतली एक गोष्ट माहीत हवी. कापडात एक दोष असा असतो की तो दिव्यावर दिसतच नाही. रंगाच्या हौदात रंग हळूहळू पातळ होत गेला, तर ताग्याच्या तोंडाशी कापड गडद असतं आणि शेपटाशी फिकं. अख्खा तागा डोळ्यांखालून गेला तरी कळत नाही, कारण हातभर कापड आणि त्यापुढचं हातभर कापड यांत फरक नसतो. डोळा रंगाबरोबर उतरत जातो. भिंग नवा असताना असा एक निळा तागा त्याने बिनघोर पुढे सोडला होता. त्याचे सदरे शिवले गेले तेव्हा एक बाही निळी आणि दुसरी धुवट निघाली. खात्याच्या प्रमुखाला सगळे वस्ताद म्हणत. वस्तादाने आरडाओरडा केला नाही. ताग्याच्या तोंडाचा तळहाताएवढा तुकडा कापून त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "शेवटी हा शेपटाला लावून बघायचा. हळू उतरणाऱ्या गोष्टीला दुसरा इलाज नाही." त्या दिवसापासून भिंगाने एकही तागा तोंड शेपटाला लावल्याशिवाय सोडला नाही. नव्या पोरांनाही तो हेच शिकवायचा, आणि न लावणाऱ्याला सगळ्यांदेखत फैलावर घ्यायचा.

त्या वर्षी बायकोची धाकटी बहीण बऱ्याच दिवसांनी आली. तिच्या नवऱ्याची बदली लांब झाली होती, त्यामुळे वर्ष उलटून गेलं होतं. दार भिंगानेच उघडलं. मेहुणी हसत आत आली, पिशवी खाली ठेवली, "ताई कुठाय?" म्हणाली, आणि तेवढ्यात ताई आतल्या खोलीतून हात पुसत बाहेर आली. मेहुणीचं हसू जागच्या जागी थांबलं.

"अगं ताई, हे काय? काय झालंय तुला?"

"कुठे काय? बस आधी. पाणी आणते."

"भावोजी," मेहुणी त्याच्याकडे वळली, "तुम्हाला दिसत नाही?"

भिंगाने बायकोकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं. आणि खरं सांगायचं तर त्याला काही म्हणजे काही दिसलं नाही. काल होती तशीच ती आज होती, परवा होती तशीच काल. मेहुणीचा स्वभावच मेला पराचा कावळा करणारा, असं मनात म्हणत तो चहासाठी दूध आणायला चपला घालू लागला. मेहुणीने आपला फोन काढला, मागच्या खेपेला तिघांनी मिळून काढलेला फोटो शोधला आणि बहिणीच्या गालाशी धरला.

फोटोतली बाई गोल चेहऱ्याची होती. फोनच्या बाजूला गालाची हाडं वर आलेली होती, डोळ्यांखाली खळगे होते, आणि कातडीला जुन्या कागदासारखा पिवळा रंग होता. भिंगाच्या हातातली चप्पल खाली पडली. तो तिथेच दाराशी, चपलांच्या ढिगात, खाली बसला. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे तर दिवा याचा, हात याचा, इलाजही याच्याच तोंडचा. फक्त घरात आल्यावर तुकडा शेपटाला लावायचं याला कधी सुचलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" भिंग बायकोकडे बघायला लागला. तिने खालमानेने सांगितलं, "झाले असतील सात-आठ महिने." डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या करायला सांगितल्या. त्या झाल्यावर भिंगाला एकट्याला आत बोलावलं आणि आवाज अगदी खाली आणून सांगितलं की यकृताचं दुखणं आहे, पसरलंय, आधी आला असतात तर काही करून पाहिलं असतं. आता दुखू नये एवढं बघता येईल. "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" हे त्यांनी रागाने विचारलं नव्हतं, पण भिंगाला ते कानफटात बसल्यासारखं लागलं.

घरी आल्यावर मेहुणी ताईला अंथरुणावर बसवून तिचे कपडे बदलत होती. गाउन उलटा होऊन खाली पडला आणि भिंगाने सवयीने उचलला. आतल्या बाजूला शिवणीशेजारी आणखी एक शिवण होती, आणि तिच्या आत आणखी एक. त्याने कपाटातले बाकीचे कपडे काढले. सगळ्यांना तसंच, दोन दोन, तीन तीन वेळा आत घेतलेलं. अंग उतरत गेलं तसे तिने कपडे आत घेत नेले होते, इतके बेतशीर की एक चुणी कुठे लोंबली नाही. आणि मग त्याला आठवलं. एका संध्याकाळी ती हेच करत यंत्राशी बसली होती. त्याने येऊन तो कपडा उचलला होता, नवी शिवण दिव्यापुढे धरली होती आणि म्हटलं होतं, "छान. धाग्याला धागा लागलाय." एवढं म्हणून तो हातपाय धुवायला गेला होता.

"का नाही बोललीस?" त्याने विचारलं.

"आधी वाटलं, बरंच झालं, जरा बारीक होतेय," ती म्हणाली. "मग भीती वाटायला लागली. तुम्हाला सांगणार होते. पण म्हटलं, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, तुम्हालाच दिसेल. दिसलं नाही, म्हणजे तेवढं काही नसेल."

भिंग त्यावर ढसाढसा रडला. भिंतीकडे तोंड करून बसला आणि लहान पोरासारखा रडला, आणि जिला धीर द्यायचा तीच उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्यानंतर माणसाने काय करावं? भिंगाने रजा टाकली, आणि जे येत होतं तेच करायला लागला. सकाळी उजेड आला की तो तिला खिडकीशी बसवायचा. डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. जीभ बघायचा, नखं बघायचा. घोट्यावर अंगठा दाबायचा आणि खळगा किती वेळाने भरून येतो ते बघत बसायचा. पहिले काही दिवस तिने थट्टा केली. "अहो, मी काय तागा आहे? खडू आणा, खुणा करा." मेहुणी मुक्कामालाच राहिली होती, तीही हसायची. भिंग हसायचा नाही. त्याचं सगळं लक्ष घोट्याकडे. बैल गेला नि झोपा केला, हे लोकांनी म्हणायच्या आधी तो स्वतःच स्वतःला रोज म्हणत होता, तरी झोपा करायचं काही सोडत नव्हता.

मग तिची थट्टा थांबली. एके सकाळी त्याने पापणीकडे हात नेला तसा तिने तो मनगटापाशी धरला. हाताला जोर नव्हता, पण धरला.

"पुरे आता," ती म्हणाली.

"अगं, रंग बघतो फक्त."

"तुम्ही रंग बघता, आणि मी तुमचं तोंड बघते. काल कपाळाला दोन आठ्या पडल्या, आज तीन. मला डॉक्टरची गरजच उरली नाही. रोज सकाळी तुमच्या तोंडावर मला माझा निकाल दिसतो." ती दम खायला थांबली. "तपासू नका मला. मला माहितीय काय आहे ते. जे काही दिवस आहेत, त्यांत मला एकदा नुसतं निरखा. पहिल्यांदा आमच्या घरी आला होतात तेव्हा बघत होतात, तसं. आठवतंय? चहा गार झाला होता तुमचा."

भिंगाला आठवत होतं.

"लग्नानंतर तुम्ही माझं शिवण बघितलंत," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "चांगलंच म्हणालात नेहमी. पण मी वाट बघायचे."

एवढंच तिला हवं होतं. औषध मागितलं असतं तर याने सात समुद्र पालथे घातले असते, पण हे कुठून आणायचं? तो बिचारा मनापासून प्रयत्न करायला लागला. समोर खुर्ची घेऊन बसायचा, हात मांड्यांखाली दाबून ठेवायचा, म्हणजे पापणीकडे जायला नकोत. पण नजरेवर कसं बसणार? ती आपली बरोबर त्या खळग्यात जायची, पिवळेपणावर थांबायची, तो कालपेक्षा गडद आहे का ते ताडायची.

"शोधताय," ती डोळे मिटूनच म्हणायची.

"नाही गं."

"श्वास रोखलाय तुम्ही. गिरणीत रोखता तसा."

मग तो उठून बाहेर जिन्यात जाऊन उभा राहायचा. तिथे शेजारी भेटायचा, तोच पडद्यावाला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. भिंगाला वाटायचं, ही एक गोष्ट तिने मागितली आणि तीही आपल्याच्याने होणार नाही. तशीच जाईल ती. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, दुखण्याचं औषध वाढवून गेल्या. आता तिचं बोलणंही कमी झालं होतं, आणि जागं असणंही.

त्या दिवशी दुपारी मेहुणी औषधाच्या दुकानात गेली होती. ऊन खिडकीतून आत येऊन अंथरुणाच्या कडेवर पडलं होतं. बायको कुशीवर झोपली होती, तोंड त्याच्याकडे. भिंग खुर्चीत बसला होता आणि इतका थकला होता की त्याच्यात शोधायचं त्राणच उरलं नव्हतं. काय शोधायचं होतं आता? सगळं समोरच होतं. तो बघत राहिला. कानाशी एक बट होती, ती वळून पुन्हा गालाकडे आली होती. वरच्या ओठाला मधोमध एक खाच होती आणि त्यामुळे झोपेतही ती काही सांगायच्या बेतात आहे असं वाटायचं. तिने एकदा डोळे उघडले. त्याला बघताना बघितलं. ओठाचा कोपरा फक्त जरासा हलला, आणि तिने डोळे पुन्हा मिटून घेतले. भिंग बघतच राहिला. खळगे होते, पिवळेपणा होता, पण ते आता तिचेच होते, कपाळ तिचं होतं तसेच. ही माझी बायको, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि इतकं भरून येत होतं की त्याला वेळेचं भान राहिलं नाही.

मेहुणी कधी आली ते त्याला कळलं नाही. नंतर तिचा हात खांद्यावर पडला तेव्हा त्याने मान वर केली. तिचे डोळे वाहत होते. "भावोजी," ती म्हणाली, "ताई गेली."

लोक यायचे ते आले, बोलायचं ते बोलले. "समोर बसला होता आणि कळलं नाही?" असं जिन्यात कुणीतरी म्हणालं, हळू म्हणायचं म्हणून पण ऐकू जाईल इतपत. भिंगाने ते ऐकलं आणि सोडून दिलं.

काही दिवसांनी मेहुणीची परत जायची वेळ झाली. पिशवी भरून झाली होती, दोघं चहा घेत बसली होती. मेहुणी कपाकडे बघत म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या दुपारी मी औषध घेऊन दारातून आले ना, तेव्हाच मला कळलं होतं, ताई गेलीय."

भिंगाने तिच्याकडे पाहिलं.

"पण तुम्ही तिच्याकडे असं बघत होतात, की माझ्याने बोलवेना. मी तिथेच दाराशी खाली बसले. म्हटलं, बघू देत. सुरुवातीला तुमचा फार राग केला होता मी. तोंडावर बोलले नाही, पण केला होता." तिने डोळे पुसले. "काय बघत होतात एवढं?"

भिंगाने कप खाली ठेवला. मग स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवून म्हणाला, "इथे तिच्या एक बारीक रेघ होती. केसच नव्हते तेवढ्या जागी. मला इतक्या वर्षांत दिसलीच नव्हती."

मेहुणीने कप बाजूला सारला.

"ती माझ्यामुळे," ती म्हणाली. "लहानपणी भांडणात मी पाटी फेकून मारली होती. रक्ताने तिचा सगळा फ्रॉक भिजला. आईला तिने सांगितलं, मी दारावर आपटले. मला कध्धी बोलून दाखवलं नाही तिने. तुम्हालाही नाही सांगितलं?"

"मी कधी विचारलंच नाही," भिंग म्हणाला.